मेन बंद करून सोडवलेली उदाहरणं

विजेला शिक्षणाची गरज नसते. ती हाताळणाऱ्याला असते, याबाबत विजेला कधीही हात न लावलेल्या सर्व जाणकारांचं एकमत आहे. याच एकमतातून विद्युत परवाना खात्याने असं ठरवलं की शहरातल्या प्रत्येक वायरमनने परवाना नवा करून घेताना 'प्राथमिक विद्युत भौतिकी' या विषयाची पन्नास गुणांची लेखी परीक्षा द्यावी. पंचवीसला पास. संधी तीन. तिसऱ्यांदाही नापास होणाऱ्याचा परवाना कायमचा रद्द. मात्र पक्कड, टेस्टर इत्यादी हत्यारं त्याने घरात शोभेसाठी ठेवायला खात्याची हरकत नाही, असं परिपत्रकात उदार मनाने म्हटलं होतं.

निर्णय योग्यच होता. ज्याला ओहमचा नियम ठाऊक नाही त्याच्या हाती पक्कड देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. शहरात अशी एकशे बारा माकडं होती. त्यांनी मिळून शहरातले दिवे, पंखे, लिफ्ट आणि खुद्द खात्यातल्या साहेबांचा कूलर इतकी वर्षं चालू ठेवला होता, ही गोष्ट खात्याने 'योगायोग' या सदराखाली नोंदवून घेतली.

या एकशे बारांतले सर्वांत जुने म्हणजे तात्या. वय सत्तावन्न, धंद्यात एकतीस वर्षं. शाळा सातवीत सुटली. "मी कुठे सोडली?" असं ते स्वतः सांगत. "तिनेच माझ्यापुढे हात जोडले." धंद्यात ते एकाच गोष्टीसाठी ओळखले जात. गिऱ्हाइकाच्या दारातून आत पाऊल टाकलं की पहिला शब्द 'मेन बंद!' आणि दुसरा 'नमस्कार'. नुसता मेन बंद करून त्यांचं समाधान होत नसे. ते फ्यूज उपटून शर्टाच्या खिशात टाकत, वरून खिसा थोपटत, आणि मगच हत्यारांची पिशवी उघडत. एकदा तो खिशातला फ्यूज घेऊनच ते घरी आले आणि जेवून झोपले. गिऱ्हाईक बिचारं सकाळपर्यंत मेणबत्त्या लावून बसलं. "माझ्या हातून अपघात कधीच होत नाही," तात्या म्हणत, "कारण माझ्या हातून वीजच जात नाही."

पहिल्या परीक्षेला एकशे बारा जण बसले, नऊ पास झाले. (नऊपैकी पाच जणांचा धंदा मुळात पंखे विकण्याचा होता.) तात्यांना अर्धा गुण मिळाला. हा अर्धा कसा मिळाला ते सांगितलं पाहिजे, कारण खात्याच्या न्यायबुद्धीचा तो नमुना आहे.

पहिला प्रश्न होता: सहा व्होल्टच्या बॅटरीला तीन ओहमचा रोध जोडला आहे, विद्युतधारा काढा. तात्यांनी प्रश्न दोनदा वाचला. तार होती, बॅटरी होती, आणि काहीतरी काढायला सांगितलं होतं. म्हणजे काम होतं. त्यांनी पेन उचललं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'प्रथम मेन बंद केला.' आता मेन बंद केल्यावर धारा किती राहील? त्यांनी खाली लिहिलं, 'शून्य.' दुसऱ्या प्रश्नात रोध एकसर जोडले होते. मेन बंद केला, शून्य. तिसऱ्यात समांतर होते. शून्य. अशी वीसच्या वीस उदाहरणं त्यांनी पंचवीस मिनिटांत सोडवली, आणि उरलेल्या वेळात वर्गातला एक सैल सॉकेट घट्ट करून दिला.

सहाव्या प्रश्नात दोन समान धन प्रभार दोन मीटर अंतरावर ठेवले होते आणि बरोबर मधल्या बिंदूवर विद्युतक्षेत्र किती, असं विचारलं होतं. तिथे ते खरोखरच शून्य असतं. डावीकडचा जेवढं ढकलतो तेवढंच उजवीकडचा ढकलतो आणि मधल्याचं काही चालत नाही. मोठ्या कुटुंबात राहिलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. प्रत्येक उदाहरणाला अडीच गुण होते: 'दिलेले' लिहिल्याबद्दल अर्धा, सूत्राला अर्धा, सूत्रात किंमती घातल्याबद्दल अर्धा, उत्तराला अर्धा, एककाला अर्धा. परीक्षक असलेल्या साहेबांनी उत्तराचा अर्धा दिला आणि समासात लाल शाईने लिहिलं, 'उत्तर बरोबर, कारण अमान्य.'

साहेबांनी तात्यांना बोलावून घेतलं. समोर उत्तरपत्रिका होती.

"हे काय आहे?"

"साहेब, कामाला हात घालायच्या आधी..."

"हे काम नाही, हा प्रश्न आहे."

"त्यात तार आहे ना?"

"आहे."

"बॅटरी?"

"आहे."

"मग स्विच कुठाय? सगळी जोडणी केली आणि स्विचच बसवला नाही. साहेब, ज्याने कोणी हे बसवलंय ना, त्याला आधी परीक्षेला बसवा."

आकृती साहेबांनी स्वतः काढली होती. त्यांनी पुढच्या परीक्षेची तारीख लिहून दिली. इथे खात्याच्या बाजूनेही एक शब्द सांगायला हवा. 'काम करण्यापूर्वी वीज बंद करणे' हा भाग अभ्यासक्रमात घ्यावा, अशी सूचना एका सदस्याने खरंच केली होती. पण त्याला सूत्र नाही, त्यामुळे गुण कसे द्यायचे हे कळेना, म्हणून ती सर्वानुमते फेटाळण्यात आली.

तात्या घरी आले. सुदैवाने त्यांची सून शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होती. अकरा वर्षांचा अनुभव, वर्गात टाचणी पडली तर टाचणीचीच चूक. तिने सासऱ्यांना शिकवायचं मनावर घेतलं. एरवी दिवसभर ती "बाबा, चहा झाला का?", "बाबा, गोळी घेतलीत का?" असं विचारी. पण संध्याकाळी सात ते आठ मात्र आवाज बदले. "वही दाखवा. समास का नाही आखला? काल काय सांगितलं होतं?" तात्यांची बायको स्वयंपाकघरातून हे ऐकत असे आणि तिच्या संसाराचं सार्थक होत असे. "मी तीस वर्षं बोलतेय तर या कानातून त्या कानात," ती म्हणे. "तू बोल गं. तुझं लिहून तरी घेतात."

तात्यांना सूत्रं पाठ करायला हरकत नव्हती. हरकत होती ती उदाहरणांतल्या जगाला. त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर शंकांची यादी होती, ती अशी:

एक, 'निर्वात पोकळीत एक प्रभार ठेवला आहे.' कोणी ठेवला? आत हात कसा गेला?

दोन, 'तारेचा रोध नगण्य माना.' एकतीस वर्षांत मी जेवढी जळलेली घरं पाहिली, ती सगळी नगण्य मानलेल्या तारेने जळाली.

तीन, 'परीक्षण प्रभार इतका लहान असतो की तो क्षेत्रात येऊन सगळं पाहतो, पण कशातही ढवळाढवळ करत नाही.' म्हणजे जावयाच्या अगदी उलट.

चार, 'आदर्श बॅटरी.' दुकानाचा पत्ता द्यावा.

सूनबाईने ही यादी वाचली आणि वही बंद केली. तिला हसू आलं होतं, पण सातचे आठ व्हायला अजून दहा मिनिटं होती.

दुसऱ्या परीक्षेत तात्यांना सतरा गुण पडले. सूत्रं बिनचूक होती. पण प्रत्येक आकृतीत त्यांनी स्वतःच्या पदरचा एक स्विच बसवला होता, आणि तो उघडा ठेवला होता. हे त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. हात आपोआप तिथे थांबे, रेघ तुटे आणि मग पुढे जाई. साहेबांनी शेरा दिला, 'आकृती सुबक. वीज नाही.'

आता एकच संधी उरली. त्या रात्री तात्या जेवले नाहीत. हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसले, एकेक हत्यार काढून पुसत राहिले. "परवाना गेला तर काय करणार?" बायकोने विचारलं.

"मला दुसरं काही येत नाही," तात्या म्हणाले. "आणि हेही येत नाही असं आता कळलंय."

ते हसले, पण बायकोला ते हसणं आवडलं नाही. सूनबाईलाही आवडलं नाही. सासऱ्यांचा परवाना जाणं म्हणजे नुसतं काम जाणं नव्हे. मग हा माणूस सकाळी उठून कशासाठी दाढी करणार, हे तिला समजेना. दुसऱ्या दिवसापासून तिने उपचार बदलला.

"बाबा, तुमचं डोकं ठीक आहे. हात आडवा येतोय."

"हात तर शहाणा आहे माझा."

"तोच तर त्रास आहे. कागदावर कोणाला शॉक बसत नाही, बाबा. बिनधास्त घाला हात."

तिने तीनशे उदाहरणं काढून दिली. खोडरबर काढून घेतलं. ज्या आकृतीत रेघ तुटेल त्या आकृतीसाठी वीस वेळा लिहायचं, 'वीज चालू आहे व चालूच राहील.' पहिल्या महिन्यात तात्यांनी हे वाक्य अकराशे चाळीस वेळा लिहिलं. दुसऱ्या महिन्यात सहाशे. तिसऱ्यात दोनशे वीस. चौथ्या महिन्यात एका मंगळवारी त्यांनी सलग बारा आकृत्या काढल्या आणि एकही रेघ तुटली नाही. सूनबाईने टाळ्या वाजवल्या. तात्या लहान मुलासारखे लाजले. पुढच्याच आठवड्यात ते एका गिऱ्हाइकाच्या घरात शिरले आणि पहिला शब्द म्हणाले, 'नमस्कार'. ही गोष्ट गिऱ्हाइकाने कौतुकाने तात्यांच्या बायकोला सांगितली. बायकोने सूनबाईला सांगितली. माणूस या वयातही सुधारू शकतो, यावर घरात एकमत झालं.

तात्यांना अभ्यास आवडू लागला होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की वीज ही एक खट मोलकरीण आहे, तिच्याकडून काम करून घ्यायचं आणि तिच्यापासून जपून राहायचं. आता कळलं की ती गणिताप्रमाणे वागते, दोनने भागा म्हटलं की निम्मी होते. रस्त्यातून जाताना ते दुकानांच्या पाट्यांवरच्या दिव्यांचे रोध मनातल्या मनात काढू लागले. एकदा बायकोची इस्त्री बिघडली तर तिला त्यांनी आधी सूत्र समजावून सांगितलं. ती ऐकत उभी राहिली. इस्त्री दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली.

तिसऱ्या परीक्षेत तात्यांना त्रेचाळीस गुण मिळाले. साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी हात पुढे केला. "पाहा, शिक्षणाने काय होतं ते," ते म्हणाले. परवाना दहा वर्षांसाठी नवा झाला. तात्यांनी तो घरी आणला, बायकोला वाचून दाखवला, मग चष्मा लावून पुन्हा वाचून दाखवला, आणि सूनबाई शाळेतून आल्यावर तिसऱ्यांदा. आयुष्यात पहिल्यांदा ते कशात तरी पास झाले होते. त्या दिवशी त्यांना खूप आनंद झाला आणि त्यांनी तो लपवला नाही.

तिसऱ्या दिवशी बेकरीत काम निघालं. भट्टीची कॉइल गेली होती. बेकरीवाल्या बाईंनी भिंतीवर डकवण्यासाठी परवान्याची प्रत आधीच मागून घेतली होती. हल्ली गिऱ्हाइकं विचारतात म्हणाल्या.

"पूर्वी तुम्ही आलात की आधी सगळा अंधार," बाई म्हणाल्या. "माझा फ्रीज बंद, लोणी वितळायचं. आता शिकलात ते बरं झालं."

"नमस्कार," तात्या म्हणाले.

त्यांनी भट्टीच्या मागचा पत्रा उघडला. पट्टीवर लिहिलं होतं: २३० व्होल्ट, २३०० वॅट. तात्यांचा चेहरा उजळला. सूनबाईच्या तीनशे उदाहरणांत नेमकं असंच एक होतं. शेजारच्या टेबलावर पीठ पसरलेलं होतं, त्यात त्यांनी उजव्या हाताच्या बोटाने लिहिलं: दिलेले. मग सूत्र. विभवांतराचा वर्ग भागिले शक्ती. बावन्न हजार नऊशे भागिले दोन हजार तीनशे. तेवीस. 'ओहम,' त्यांनी पुढे लिहिलं, कारण एककाला अर्धा गुण असतो. बाई तोंडात बोट घालून पाहत राहिल्या. एवढं शिकलेला वायरमन त्यांनी पाहिला नव्हता. आता कॉइल तुटली कुठे ते पाहायचं तेवढं राहिलं होतं. तात्या लिहायचे उजव्याने, पण हत्यार धरायचे डाव्याने. एकतीस वर्षं जो डावा हात सर्वांत आधी मेनकडे जायचा, त्यालाही पाच महिने वीज चालू आहे व चालूच राहील असं शिकवलेलं होतं. तो सरळ आत गेला.

वीज होतीच. तिने कोणतीही परीक्षा दिलेली नव्हती, तरी ती आपल्या कामात चुकली नाही. तात्यांची बोटं तारेवर आवळली गेली ती सुटेनात. तीन सेकंदांनी मेन बंद झाला. तो बेकरीवाल्या बाईंनी धावत जाऊन बंद केला. (त्यांच्याकडे परवाना नाही.)

इस्पितळात दुसऱ्या दिवशी खात्याचा अपघात अहवाल, नमुना सात, भरून द्यावा लागतो. तात्यांचा डावा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. उजव्याने त्यांनी नमुना भरला. समास आखून. दिलेले: विभवांतर २३० व्होल्ट, शरीराचा रोध ११,५०० ओहम. (हा आकडा नमुन्यात छापलेलाच असतो. खात्याने ठरवून दिलेल्या मानक देहाचा तो रोध आहे. देह कोरडा, मन शांत.) सूत्र: विद्युतधारा बरोबर विभवांतर भागिले रोध. किंमती घालून: २३० भागिले ११,५००. उत्तर: ०.०२ अँपिअर.

साहेब स्वतः भेटायला आले. त्यांनी नमुना वाचला आणि त्यांना भरून आलं.

"आधीचे अहवाल कसे यायचे माहीत आहे? 'झटका बसला, पडलो.' संपलं. सूत्र नाही, एकक नाही. आणि हे पाहा. अडीचपैकी अडीच."

परीक्षेच्या आदल्या वर्षी परवानाधारकांचे तीन अपघात झाले होते आणि एकाही अहवालात एकक लिहिलेलं नव्हतं. यंदा चौदा झाले, आणि चौदाही अहवालांत एकक अचूक होतं. आकडे बोलके होते. खात्याने त्यांचा अर्थ बरोबर लावला आणि पुढच्या वर्षापासून पेपर शंभर गुणांचा केला.

साहेब गेल्यावर सूनबाई आली. शाळेतून तशीच आली होती. बाहीला खडू लागलेला होता. ती स्टुलावर बसली, सासऱ्यांचा उजवा हात तिने दोन्ही हातांत धरला, आणि तिचा बांध फुटला.

"बाबा, ती सवय मी मोडली तुमची. मीच मोडली. टाळ्या वाजवल्या मी."

स्वतःच्या हातापेक्षा तात्यांना तिचं रडणं जास्त दुखलं.

"वेडी आहेस का?" ते म्हणाले. "तू शिकवलंस चांगलं. विद्यार्थी एवढा हुशार निघेल हे तुला काय माहीत? एकतीस वर्षं ढ होतो, धडधाकट होतो. हुशारी अंगाला लागली नाही, एवढंच."

ती रडता रडता हसली, मग पुन्हा रडली. तात्यांनी तिला थोडा वेळ रडू दिलं.

"एक सांग," ते मग म्हणाले. "घरातला गिझर परवापासून झिणझिण्या देतोय. मी येईपर्यंत कोणी हात लावू नका. मेन बंद करून ठेव जा."

"हो," ती म्हणाली आणि उठली. दारापाशी गेली आणि थांबली. एम. एस्सी. होती ती, पहिल्या वर्गात. अकरा वर्षांत तिने सुमारे दोन हजार मुलांना विद्युत शिकवली होती.

"बाबा," तिने हळूच विचारलं, "आपल्याकडे मेन कुठे असतो?"

तात्यांनी सांगितलं. तिने तळहातावर पेनाने लिहून घेतलं आणि ती गेली. घरभर शोधून तिने मेन बंद केला, तात्यांच्या बायकोने अंधारात भात टाकला, आणि त्या दिवशी त्या घरात कोणालाही काही झालं नाही.

आता राहिला वाचकांचा प्रश्न. २३० भागिले ११,५०० म्हणजे ०.०२ च ना, हे आपल्यापैकी काहींनी वाचता वाचता मनातल्या मनात पडताळून पाहिलं असेल. बेकरीतलं तेवीस ओहमचं उत्तरही पाहिलं असेल. दोन्ही बरोबर आहेत. इतका सगळा वेळ तात्यांचा डावा हात बांधलेला होता, त्या हाताचं पुढे काय झालं हे मात्र विचारायचं राहून गेलं असेल, तर वाईट वाटून घेऊ नये. साहेबांनीही विचारलं नाही. अशा सर्व वाचकांना खात्यातर्फे कळवण्यात येतं की ते उत्तीर्ण आहेत, आणि त्यांनी आपला परवाना कार्यालयीन वेळेत घेऊन जावा.

(दोन बोटं वळत नाहीत. पक्कड धरता येत नाही.)